थंड बॉयलरपुढे

मे महिन्यात घरी यायचं नाही असं दरवर्षी ठरवते,
दरवर्षी येते.
अक्कलकोट रोडला रिक्षावाला म्हणतो, चव्वेचाळीस आहे आज,
जणू त्यानंच लावलंय.

माझं काम पंधरा कोटी अंशांचं.
त्याला सांगत नाही.

गच्चीवर नान्नांनी दोन बादल्या ओतल्यात,
फरशी चर्र करून पिऊन टाकते, पुन्हा कोरडी.
खाली बोल्लींच्या शेडमध्ये टॉवेलचे माग,
बत्तीस,
आणि त्यातला एकोणतिसावा जरा लंगडतोय
हे नान्नांना झोपेतही कळतं.

एकतीस वर्षं डाईंगच्या बॉयलरवर होते.
काचेच्या भोकातून ज्वाळा बघायची:
तांबूस, धुरकट असली तर हवा कमी,
पांढरी पडली तर जास्त,
आणि मधे एक रंग, ज्याला त्यांच्याकडे नाव नाही,
तेलुगूत नाही, मराठीत नाही.
"तो दिसला की हात मागं घ्यायचा." एवढंच.

"आता तू सांग की. तुझी आग कशी आवरतीस?"

भांडं नाही, नान्ना.
भांड्याला टेकली तर भांडं होरपळतं
आणि ती स्वतःही विझते.
चुंबकांनी अधांतरी धरायची,
जसा मागावर ताणा
"ताणा मला सांगू नको. आग सांग."

बरं. आग.
तापली की जास्त जळते, जास्त जळली की आणखी तापते.
एका हद्दीपर्यंत आम्हाला तेच हवं असतं.
पुढे ती स्वतःच स्वतःला हाकत सुटते.
मग इंधन आखडायचं. गोठवलेल्या हायड्रोजनचे खडे,
मिऱ्याएवढे, नळीतून डागतात, ते जरा थांबवायचे.
किंवा चिमूटभर निऑन सोडायचा,
ती उजेड सांडते, थोडी निवते.
चिमूट मोठी झाली की संपलं.
आत काही घालून बघता येत नाही.
बाहेरून उजेड वाचायचा, अंदाज बांधायचा,
आणि अंदाज येईपर्यंत ती पुढे गेलेली असते.

"आणि राख?"

मी दचकते. मुलाखतीत हा प्रश्न
तिसऱ्या माणसानं विचारला होता, खूप उशिरा.
होते, नान्ना. हेलियमची.
काढली नाही तर आपल्याच राखेत गुदमरते.

"रात्रपाळीला कोण काढतंय?"
पंप.
"मग बॉयलरच की," म्हणाले, आणि तंबाखू मळायला घेतली.
"एका दमात किती तास जळते?"

इथं मला खरं बोलावं लागलं.
तशी अजून पेटलेलीच नाही कुठे.
मी आकड्यांतली आवरते, संगणकात.
दिवसातून सत्तर वेळा पेटवते,
साठ वेळा हातची जाते.

हसतील असं वाटलं होतं.
तेवढ्यात लाइट गेली.
माग थांबले, सगळे एकदम नाही, एकेक, धाप लागल्यासारखे,
आणि शांततेनं गल्ली जागी झाली.
कुणाचं तरी पोर रडलं. कुणीतरी दार लावलं.

अंधारातून त्यांचा आवाज:
"आमचा बॉयलर आला तेव्हा इन्स्पेक्टरची सही येईना.
एकवीस दिवस.
मला पगारावर घेतलेलं, म्हणून रोज जायचो.
थंड बॉयलरपुढं उभारून व्हॉल्व्ह उघडायचो, बंद करायचो.
काटा शून्यावर.
मी मनात शंभर पौंडावर न्यायचो,
भ्या वाटलं की वाफ सोडायचो.
दोनदा तर पळालो बाहेर.
लोकं म्हणायचे, राजय्याचं डोकं फिरलंय."

मग?

"मग काय. सही आली."

पुढे काही बोलले नाहीत.
मी हवेची वाट बघत पडून राहिले, हवा आली नाही.
दीडच्या सुमारास लाइट आली,
शेडमध्ये ट्यूब फडफडल्या, माग उठू लागले.

डोळे मिटलेलेच होते त्यांचे.
"एकोणतिसावा उठला नाही," म्हणाले.

मी कान दिला.
मला बत्तीसच्या बत्तीस ऐकू येत होते.